कंत्राट बदलते, कान तेच राहतात

लोहगाव विमानतळावर विमान थांबले की प्रवाशांना उतरायची घाई होते. त्याच वेळी खाली दुसरी धावपळ सुरू होते. सामान काढायचे, विमानाला बाहेरून वीज जोडायची, निघताना ट्रॅक्टरने विमान मागे ढकलायचे. ही कामे अनेकदा विमान कंपनीचे नव्हे, तर ‘ग्राउंड हँडलिंग’ कंपन्यांचे कर्मचारी करतात.

15 मे 2025 रोजी केंद्राने तुर्कस्तानच्या सेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली. मुंबईसह अनेक विमानतळांवरील हे काम घाईने इतरांकडे सोपवावे लागले. चर्चा झाली ती देशाच्या सुरक्षेची आणि नोकऱ्यांची. मालक बदलला की कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदींचे काय होते, हा प्रश्न मागेच राहिला.

तो कागदोपत्री प्रश्न नाही. सुरू असलेल्या जेट इंजिनाजवळ आवाज 120 डेसिबलच्या वर जातो. तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास चालू शकतो. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे! लोहगाव तर हवाई दलाचाही तळ आहे. तेथे लढाऊ विमानांचा आवाज वेगळाच.

आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका साधारण 4000 हर्ट्झच्या उंच स्वरांना बसतो. बोलणे ऐकू येत असते, म्हणून अनेक वर्षे पत्ताच लागत नाही. मग गर्दीत शब्द कळेनासे होतात, घरी टीव्हीचा आवाज वाढतो.

ही हानी ऑडिओमेट्रीत लवकर दिसते, पण तुलनेला जुना आलेख हवा. आवाजाने येणारा बहिरेपणा आपल्या कायद्यात व्यावसायिक आजार मानला जातो. मात्र जुनी नोंदच नसेल, तर तो याच कामामुळे आला हे कामगाराने सिद्ध कसे करायचे?

उपाय अवघड नाही. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी श्रवणचाचणी व्हावी, तिची प्रत कर्मचाऱ्याच्या हाती मिळावी आणि ही अट निविदेतच असावी. इअरप्लग तर हवेतच. विमान किती मिनिटांत पुन्हा निघाले याचा हिशेब ठेवला जातोच. त्यासाठी राबणाऱ्यांच्या कानांचाही ठेवला जावा.