दाढदुखीवर मिश्री नको, दंतवैद्य हवा

रात्री दाढ ठणकू लागली की घरात आधी लवंग शोधली जाते. त्यात चूक काही नाही. लवंगेतलं युजेनॉल दुखरा भाग थोडा वेळ बधिर करतं. कीड मात्र तिथंच राहते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, ते दाताचं कठीण आवरण पोखरतं आणि खड्डा आतल्या नसेपर्यंत गेला की झोप उडते.

खरी काळजी मिश्रीची आहे.

तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर चोळायची. महाराष्ट्रात कित्येक बायकांना ही सवय दाढदुखीच्या निमित्तानं लागते. ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण मिश्री सुटत नाही. सकाळी एकदा, मग दुपारी, मग झोपताना. हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनावर बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत ती पोहोचत नाही.

तिथं आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, पोहोचतात. गरोदरपणाच्या तपासणीत मिश्रीबद्दल आवर्जून विचारलं गेलं पाहिजे आणि ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य नियमित भेटला पाहिजे.

घरी फ्लोराइडच्या पेस्टनं दोनदा दात घासावेत, रात्री घासल्यावर गोड खाऊ नये. दुखऱ्या दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. ठणका दोन दिवस टिकला तर दंतवैद्याकडे जावं. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी.