किल्ली कोणाच्या कमरेला?

वारसाची नोंद व्हावयाची, तर तलाठ्यास दक्षिणा. चोरीची फिर्याद द्यावयाची, तर ठाण्यांत हवालदाराचें चहापाणी. हा जाच गांवकऱ्यांस नवा नाहीं. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सरकारी खात्यांतील लांचखोरीनें शेतकरी कसा नागवला जातो, हें चव्हाट्यावर मांडलें. राज्य बदललें, कायदे बदलले. पण कुंपणानें शेत खाण्याची रीत बदलली नाहीं. कां?

कारण कायद्यांतच आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं कलम १७-अ घातलें गेलें. सरकारी नोकरानें कामकाजांत केलेल्या शिफारशीची किंवा निर्णयाची चौकशी करावयाची, तर त्यास नोकरींतून काढण्याचा अधिकार असलेल्या सरकारची वा वरिष्ठाची परवानगी आधीं लागते. लांच घेतांना जागच्या जागीं पकडावयाचा असेल, तर मात्र परवानगी नको. म्हणजे पांचशें रुपये घेणाऱ्या तलाठ्याच्या हातास तत्काळ बेडी, आणि एका सहीनें गायरान गिळणाऱ्या साहेबाच्या लेखणीस पडदा! पुढें खटला भरावयाचा, तर कलम १९ अन्वयें पुन्हां मंजुरी. दाराला कुलपें दोन, आणि दोन्ही किल्ल्या घरवाल्याच्याच कमरेला!

हें कुलूप सर्वोच्च न्यायालयानें दोनदां फोडलेलें आहे. बड्या केंद्रीय अधिकाऱ्यांसाठीं लावलेलें कुलूप १९९७ सालीं विनीत नारायण खटल्यांत तुटलें. २००३ सालीं कायदा करून तें पुन्हां लावलें. २०१४ सालीं पांच न्यायमूर्तींनीं तेंही घटनाबाह्य ठरविलें. चारच वर्षांनीं लहानथोर सर्व नोकरांच्या दारास नवें कुलूप बसलें.

कोणी म्हणतील, खोट्या तक्रारींनीं प्रामाणिक अधिकारी भिऊन जाईल. त्याचें रक्षण अवश्य व्हावें. पण तें स्वतंत्र न्यायासनानें करावें, सोयऱ्याधायऱ्यांनीं नव्हे. आणि रयतेचें रक्षण? त्याच दुरुस्तीनें लांच देणाराही गुन्हेगार ठरला. जुलमानें द्यावी लागली, तर सात दिवसांत तपास यंत्रणेस कळविलें तरच तो सुटतो. रयतेस सात दिवस. सरकारास परवानगीचा विचार करण्यास तीन महिने, वर आणखी एक!

बंधुभगिनींनो, ते सात दिवस फुकट दवडूं नका. लांचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा बिनपैशाचा दूरध्वनि आहे. २००५ च्या माहिती अधिकारान्वयें अर्ज करून विचारा : परवानग्या किती मागितल्या, किती दिल्या, किती कुजत पडल्या? उत्तर ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास एकच प्रश्न करा : ही किल्ली आरोपीच्या घरांतून तूं काढणार कीं नाहीं?