मागे बसलेला माणूस

आपल्याकडे गाणाऱ्याचे नाव होते, वाजवणाऱ्याचे होत नाही. वाजवणाऱ्यांतही सूर काढणाऱ्याला थोडाफार मान मिळतो. ठेका धरणाऱ्याच्या वाट्याला तोही क्वचितच येतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात वर्षभर कुठे ना कुठे सप्ताह चालू असतो. फलकावर कीर्तनकार बुवांचे नाव आणि छायाचित्र ठळक असते. मृदंगवादकाचे नाव असलेच तर तळाशी, मंडपवाल्याच्या जरा वर. वास्तविक पखवाज थांबला तर उभे कीर्तन मटकन खाली बसेल. पण घरी परतताना लोक बोलतात ते बुवांच्या चालीविषयी आणि दृष्टान्तांविषयी. ज्याने दोन तास हाताचे पंजे लाल करून घेतले, त्याला 'छान झाले हो' एवढे म्हणायचेही कुणाच्या लक्षात येत नाही.

ही रीत एकट्या आपलीच आहे असे मात्र नाही. विलायतेतल्या रॉक संगीताचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पुढे गायक, त्याच्या बाजूला गिटारवाले, आणि पार मागे झांजांच्या नि ढोलांच्या ढिगाऱ्यात अर्धा बुडालेला ड्रमवाला. बीटल्सच्या चौघांची नावे सांगायला बसले की रिंगो स्टारचे नाव बहुधा शेवटी आठवते. सगळ्या जगाने तालाला पायातली वहाण केले आहे. चालणे तिच्यावाचून होत नाही, पण तिला घेऊन कुणी देवघरात जात नाही.

या मागच्या जागेवरून उठून स्वतःच्या नावाने, स्वतःचे संगीत उभे करणारा एक माणूस आपल्याच मुलखात जन्मला, आणि त्याची आपल्या घराघरांतून जवळजवळ ओळखच नाही, हे मला बरेच दिवस खुपते आहे. त्या माणसाचे नाव त्रिलोक गुर्टू.

नाव अनोळखी वाटले तर आडनावावर थोडे थांबा. ठुमरी-दादऱ्याच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू यांचे ते चिरंजीव. शोभाताईंचा जन्म १९२५ मधला, बेळगावचा. माहेरचे आडनाव शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नृत्य आणि गाणे दोन्ही जाणणाऱ्या कलावती. 'पाकीजा' आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' या चित्रपटांतला शोभाताईंचा तो जरा खरखरीत, पण काळजाला हात घालणारा आवाज आपल्या आयाबहिणींनी रेडिओवर कितीदा ऐकला असेल. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००४ मध्ये त्या गेल्या. ती आई आपल्या घरची झाली. मुलगा मात्र परका राहिला.

त्रिलोक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. उस्ताद झाकीर हुसेन यांचा जन्मही त्याच वर्षीचा आणि त्याच शहरातला. चितळकरांच्या म्हणजे सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तल्या गाण्यांनी देशाला विलायती ठेक्यावर नाचवले, तेही १९५१ मध्येच. एका शहराने एका वर्षात तालाची केवढी पेरणी केली पाहा. झाकीरभाईंना देशाने डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा ज्यांना तीनतालाच्या मात्रा सांगता येणार नाहीत अशांच्याही डोळ्यांत पाणी आले. पण त्यांच्या हातात तबला होता, आणि तबला म्हटले की आपली मान आदराने आपोआप लवते. त्रिलोक तबला शिकले आणि जाऊन बसले ड्रमसेटवर. ड्रम म्हटले की आपल्याला आठवते ती वरात!

ड्रमसेट हे वाद्य जन्मले काटकसरीतून. आपल्या बँडपथकात अजूनही मोठा ढोल एकाच्या गळ्यात, छोटा ड्रम दुसऱ्याच्या आणि झांजा तिसऱ्याच्या हातात असतात. अमेरिकेत नाटकगृहांतून आणि नाचघरांतून तिघांची जागाही नसे नि तिघांचा पगारही परवडत नसे. मोठा ढोल पायाने वाजवता यावा म्हणून तिथे पायटे निघाले. १९०९ मध्ये लुडविग यांनी त्याचे सुधारलेले रूप आणले आणि तिघांचे काम एकटा माणूस बसल्या जागी करू लागला. जॅझ आणि पुढे रॉक या दोन्हींचा पाया हा एकटा माणूस आहे.

त्रिलोक यांनी या एकट्याचे काम आणखी वाढवून ठेवले. १९९५ मध्ये जिमी हेन्ड्रिक्स या गिटारवादकावरील दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी सांगितले, की पाश्चात्त्य संगीत ऐकून शिकत असताना एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रण करतात हे त्यांना माहीतच नव्हते. त्यामुळे कुणी सहसा वाट्याला जाणार नाही असे अनेक पदर त्यांना एकट्याला शिकावे लागले. गुरूने शिकवले असते तर 'हे एकट्याने होत नाही' हेही शिकवले असते! अज्ञानाचा असा लाभ फार थोड्यांना होतो. त्यासाठी अंगी बेफाट मेहनत लागते.

त्यांची बैठक पाहिली की माणूस चकित होतो. ड्रमवाल्याचे ते उंच स्टूल त्यांनी सोडून दिले. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून ते बसतात. भोवती झांजा आणि विलायती ढोल असतात, आणि त्यांच्याच पंगतीत तबला. शेजारी पाण्याची बादली असते. झांज वाजवून ती पाण्यात बुडवली की तिचा नाद हेलकावे खात खाली उतरतो. शिंपल्यांच्या माळा बुडवल्या की वेगळीच सळसळ उठते. पाहणाऱ्याला ही करामत वाटते. पण डोळे मिटून ऐका, म्हणजे बादली विसरून जाल आणि नादच तेवढा उरेल.

खरी गंमत त्यांच्या हिशेबात आहे. रॉकचा ठेका बहुधा चार मात्रांचा आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर जोर देणारा. तो रस्त्यासारखा सरळ पुढे जातो. आपला ताल रहाटासारखा फिरतो. समेवरून निघतो आणि पुन्हा समेवर येतो. एकच बोल तीनदा घेऊन शेवटचा घाव बरोबर समेवर टाकायचा, याला आपण तिहाई म्हणतो. त्रिलोक रस्त्याचा वेग सोडत नाहीत आणि रहाटाचे वर्तुळही मोडत नाहीत. ठेका ऐकून विलायतेतल्या पोराचे पाय हलतात, आणि त्याच वेळी आपल्याकडचा एखादा जुना पखवाजी बोटांवर मात्रा मोजत मान डोलावू शकतो. दोघांना एकाच वेळी राजी करणे हे फार कठीण काम आहे.

सत्तरीच्या दशकात ते युरोपात गेले. जर्मनीतल्या 'एम्ब्रियो' या रॉक संचाच्या १९७७ च्या 'अपो-कॅलिप्सो' या तबकडीवर ते वाजवतात, आणि त्याच तबकडीवर शोभाताईंचेही गाणे आहे. जर्मन रॉकच्या तबकडीवर बेळगावच्या ठुमरीगायिकेचा आवाज, ही कल्पना आजही सोपी वाटत नाही. तेव्हा तर ते धाडसच होते. पुढे 'ओरेगॉन' या नामांकित संचातले कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले, त्यांची जागा त्रिलोक यांनी घेतली. नंतर जॉन मॅक्लॉफ्लिन या थोर गिटारवादकाच्या त्रिकुटात ते आले. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर १९८९ मध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण मुद्दाम ऐकावे असे आहे. गिटार, बास आणि ताल, माणसे एवढी तीनच. पण कान सांगतो की सहा-सात जण असावेत.

एवढ्यावर थांबले असते तरी पोट भरले असते आणि नावही टिकले असते. उत्तम साथीदार ही पदवी काही लहान नाही. पण त्यांनी १९८८ मध्ये 'उसफ्रेत' हा स्वतःच्या नावाचा पहिला संग्रह काढला. त्यात डॉन चेरी यांच्यासारखा जॅझमधला मोठा तुतारीवादक आहे, आणि आई आहे. इथे पारडे उलटते. एरवी गाणे आधी ठरते आणि ठेका त्याला बेतून शिवला जातो. इथे ठेका आधी येतो, आणि शोभाताईंचा सूर त्याच्यावर येऊन बसतो. जन्मभर पुढे बसून गायलेली आई मुलाच्या तालाच्या अंगणात पाहुणी म्हणून येते. अशी मैफल आपल्या संगीतात विरळाच.

त्यानंतर १९९१ मध्ये 'लिव्हिंग मॅजिक', १९९३ मध्ये 'क्रेझी सेंट्स', १९९८ मध्ये 'कथक' असे संग्रह येत राहिले. २००० च्या सुमारास 'आफ्रिकन फँटसी' आला. त्यात आफ्रिकेतल्या गायिका आहेत. २००४ च्या 'ब्रोकन ऱ्हिदम्स'मध्ये गॅरी मूर हा रॉकचा नामवंत गिटारवादक आहे आणि मध्य आशियातल्या तुवा प्रांतातले, घशातून दोन सूर काढणारे गायकही आहेत. २०१३ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये तुतारीवादकांचा मेळा आहे. अमेरिकेतल्या 'डाऊनबीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांनी तालवादकांत त्यांना एकाहून अधिक वेळा पहिल्या क्रमांकाचा कौल दिला.

सगळेच सारखे उतरले आहे असे म्हणणे म्हणजे भाटगिरी होईल. काही संग्रहांत पाहुण्यांची इतकी गर्दी होते, की यजमान वाढप्याच्या भूमिकेत जातो. कधी कधी दोन देश एका गाण्यात शेजारी बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. शास्त्रीय संगीताचे अभिमानी या सगळ्याला खिचडी म्हणून मोकळे होतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की खिचडीही जमावी लागते. डाळ-तांदूळ कच्चे राहिले तर दोष खिचडीच्या कल्पनेचा नसतो. आणि त्रिलोक यांच्या उत्तम रचनांत ते कच्चे राहिलेले नाहीत.

मग आपल्याला ते ठाऊक का नाहीत? एक कारण साधे आहे. सुरुवातीचे संग्रह जर्मनीतल्या कंपनीने काढले. आमच्या भागातल्या कॅसेटच्या दुकानांत तेव्हा भक्तिगीते आणि चित्रपटगीते यांच्या पलीकडचे फारसे काही येत नसे. दुसरे कारण म्हणजे ते कुठल्याच खान्यात बसत नाहीत. रॉकवाल्यांना ते जॅझचे वाटतात, जॅझवाल्यांना हिंदुस्थानी, आणि हिंदुस्थानी संगीतवाल्यांना परदेशी. पण ही दोन्ही कारणे आता पुरत नाहीत. जगातले बहुतेक संगीत आज हिंगोलीच्या बसस्थानकावर उभे राहूनही मोबाइलवर ऐकता येते. तरीही ऐकले जात नाही, याचे तिसरे कारण आपल्या मनात आहे: ताल ही स्वतंत्रपणे ऐकण्याची गोष्ट आहे, हेच आपण मानत नाही.

या न मानण्याची किंमत त्रिलोक यांनी मोजलेली नाही. त्यांना जगाने मान दिला. किंमत मोजली ती आपल्या गावातल्या हलगीवाल्याने, संबळवाल्याने, ढोलकीवाल्याने. चामड्याच्या वाद्याला हात लावणाऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, निदान पंगतीबाहेर तरी ठेवले. देवीचा गोंधळ संबळावाचून होत नव्हता, वरात हलगीवाचून निघत नव्हती. पण त्यांना हाक जातीवरून किंवा वाद्यावरून मारली जाई, नावाने नव्हे. आता तर डीजेच्या भिंती आल्या आणि ती हाकही थांबत चालली. हलगीच्या एका काठीत किती प्रकारचे बोल असतात हे सांगू शकणारी माणसे आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होत आहेत. त्यांच्या मुलांनी हे का शिकावे, असा प्रश्न त्यांनी विचारला तर माझ्यापाशी उत्तर नाही. उत्तर आपल्या सगळ्यांना मिळून तयार करावे लागेल, आणि त्याची सुरुवात कान देण्यापासून होईल.

त्रिलोक यांच्या २०१९ च्या संग्रहाचे नाव 'गॉड इज अ ड्रमर' असे आहे. देवच ताल धरणारा आहे, हे ऐकून विलायतेतला माणूस कदाचित दचकेल. आपण दचकण्याचे कारण नाही. आपला महादेव डमरू घेऊनच उभा आहे, आणि त्या डमरूच्या चौदा घावांतून पाणिनीच्या व्याकरणाची सूत्रे निघाली असे आपली परंपरा सांगते. भाषेच्याही आधी ठेका! त्याच महादेवाचे औंढा नागनाथ आमच्या जिल्ह्यात आहे, आणि नामदेवांची नरसीही. नामदेवांना कीर्तन करायला देवळाच्या मागे पिटाळले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही औंढ्याची कथा इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. कथा खरी की खोटी हा वाद मला घालायचा नाही. मागे पाठवलेल्या माणसाकडे वळून पाहावे, एवढी शिकवण तिच्यात आहे आणि ती पुरेशी आहे.

तेव्हा एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन त्रिलोक गुर्टूंची एखादी रचना लावा. पहिल्यांदा नुसती ऐका, दुसऱ्यांदा टाळी देऊन सम शोधा. चुकेल, हरकत नाही. आणि पुढच्या सप्ताहात कीर्तन संपले की बुवांच्या पाया पडून झाल्यावर दोन पावले मागे जा, मृदंग गवसणीत घालणाऱ्या त्या माणसाला त्याचे नाव विचारा.