तलाक मागणारी स्त्री पडद्यावर कधी?

हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी होती तोंडी तलाकबंदीची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तत्काळ तिहेरी तलाक अवैध ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. या पन्नासएक वर्षांच्या चर्चेत मुस्लिम स्त्री आपल्याला दिसली ती प्रामुख्याने नवऱ्याने टाकलेली. स्वतःहून विवाहबंधनातून मोकळी होऊ पाहणारी स्त्री क्वचितच दिसली.

वास्तविक १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने तिला न्यायालयाचे दार उघडून दिले आहे. पती चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे निर्वाहखर्च देत नसेल वा क्रूरपणे वागत असेल, तर ती दाद मागू शकते. दुसरा मार्ग ‘खुला’चा, तेथे बहुधा मेहरवर पाणी सोडून सुटका मिळवावी लागते.

हा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो, हे किम लाँगिनोटो आणि झिबा मीर-होसेनी यांच्या ‘डायव्होर्स इराणियन स्टाइल’ (१९९८) या माहितीपटाने दाखवले. तेहरानच्या कौटुंबिक न्यायालयातील या स्त्रिया नुसत्या रडत नाहीत. त्या न्यायाधीशांशी हुज्जत घालतात, आर्जवे करतात, प्रसंगी खोटेही बोलतात आणि मेहरची थकबाकी हत्यारासारखी वापरतात. अडतीस वर्षांच्या नवऱ्यापासून सुटू पाहणारी सोळा वर्षांची मुलगी तर भल्याभल्यांना निरुत्तर करते. न्यायालयातील महिला कर्मचाऱ्याची चिमुरडी रिकाम्या खुर्चीत बसून न्यायाधीशांची नक्कल करते, ते दृश्य शंभर अग्रलेखांना भारी आहे! कायदा पुरुषाच्या बाजूचा असूनही तिथे स्त्री निव्वळ बळी राहत नाही.

असा माहितीपट अहिल्यानगर जिल्ह्यात का होऊ नये? नागराज मंजुळे यांनी संज्ञापनशास्त्राचे धडे गिरवले ते याच शहरात. अडचण आहे ती निराळी. आपल्याकडे कौटुंबिक न्यायालयात एका पक्षकाराने जरी मागणी केली, तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. तेहरानमध्ये मिळाली तशी मुभा येथे मिळणे कठीण. शिवाय तालुक्याच्या गावात चेहरा झाकला, तरी आवाजावरून माणूस ओळखला जातो. तिच्या संमतीने चित्रण करता येईल ते न्यायालयाबाहेरचे: वकिलाच्या टेबलापुढची बैठक, माहेरच्यांची कुजबुज, एसटी स्थानकावर कागदांची पिशवी सांभाळत काढलेली दुपार. नव्या दिग्दर्शकाला तेथून सुरुवात करता येईल.