चटईखालची ओल

आमच्या घरामागच्या जांभळाखाली अब्बांची मॅटाडोर उभी असते. करोनाच्या वर्षापासून ती जागची फारशी हललेली नव्हती. त्याआधी मात्र भोर तालुक्यातलं आमच्या नात्यातलं एकही लग्न तिच्याशिवाय झालं नसेल. वऱ्हाड, बाळंतीण, दवाखाना, मय्यतीला निघालेली माणसं, बारावीच्या परीक्षेची पोरं, सगळं तिने वाहिलं. भाडं अब्बांनी कधी घेतलं नाही. डिझेल ज्याचं त्याने भरायचं, एवढीच अट.

या मार्चमध्ये पुण्याहून एक तरुण जोडपं ती बघायला आलं. त्यांना जुन्या गाडीचं फिरतं घर करायचं होतं. आत पलंग, छोटी शेगडी, पायाखाली लाकडी फळ्या, आणि सुट्टी मिळाली की राजगड-तोरण्याच्या पायथ्याला मुक्काम. हे वेड नवं नाही. जर्मनीत 1951 पासून वेस्टफालिया नावाची कंपनी फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग आणि कपाटं बसवून देत होती, आणि आपल्या राज्य सरकारनेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जोडप्याला गाडी आवडली. किंमतही बऱ्यापैकी ठरली. मागचं फ्लोअर तेवढं नीट करून ठेवा, असं सांगून ते गेले.

माझ्या धाकट्या भावाने लगेच उपाय काढला. बाजारात लाकडाची नक्षी छापलेलं प्लॅस्टिकचं कापड मिळतं. जुन्या रेक्झिनवर ते चिकटवायचं, कडेला पट्ट्या मारायच्या, रविवारपर्यंत काम खलास. त्याची घाई मला कळत होती. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी त्या पैशातून जायची होती.

अब्बा म्हणाले, "आधी एक कोपरा उचल."

कोपरा उचलला तसा आतून कुबट वास आला. रेक्झिनखाली फोम, फोमखाली कधीकाळी एका कारागिराने टाकलेला साधा कमर्शिअल प्लाय. त्या प्लायचे पराठ्यासारखे पदर सुटले होते. भावाने बोट दाबलं, ते आरपार गेलं. प्लायखालच्या पत्र्याला गंजून वाटीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून खाली पडलेली जांभळाची पानं दिसत होती. अब्बा एवढंच म्हणाले, "सड गया है."

दोष फक्त त्या कारागिराचा नव्हता. मागच्या दारापाशी आमचा वीस लिटरचा पाण्याचा कॅन कायम असायचा. प्रवासात वजूसाठी, पोरांचे हात धुवायला, औषध घ्यायला. प्रत्येक वेळी थोडं सांडायचं. रेक्झिनवरून पाणी पुसलं जायचं, पण कडेने जे खाली उतरलं ते परत कधी वर आलं नाही. वरून न भिजणारं कापड, खालून थंड पत्रा, मध्ये स्पंजासारखा फोम. त्यात आपल्याकडचा पावसाळा. थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसाच दमट हवेत गाडीच्या पत्र्याला आतून येतो. वीस वर्षं आम्ही त्या ओलीवर सतरंजी टाकून बसलो.

भाऊ तरीही अडून होता. "जुनी गाडी आहे हे त्यांना माहीत आहे. बघून घेणं त्यांचं काम." अब्बांनी भाषण दिलं नाही. सहीह मुस्लिममधली धान्याच्या ढिगाची गोष्ट त्यांनी आम्हाला लहानपणापासून शंभरदा सांगितली असेल. प्रेषितांनी (स.) बाजारात एका ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला, मग ते भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. या वेळी अब्बांनी ती गोष्टही सांगितली नाही. भावाच्या त्या बोटाकडे नुसतं बघितलं. भावाने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि भोकाचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. सभ्य शब्दांत होता, पण नकारच. फी मग मी आणि भावजयीने मिळून भरली. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

गाडी विकायची नाही, दुरुस्त करायची, हे अम्मीमुळे ठरलं. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला तासाभरापेक्षा जास्त सलग बसवत नाही. पुण्याच्या तपासणीला जाताना ती रडकुंडीला येते, आणि महाडला माझ्या बहिणीकडे तर दोन वर्षांत जाणं झालं नव्हतं. गाडीत एक पलंग असला, वाटेत थांबून अर्धा तास आडवं होता आलं, तर ती जाऊ शकत होती. पुणेकरांना हवं होतं तेच फिरतं घर आम्हालाही हवं होतं, एवढंच.

मॅटाडोर या कामाला फार सोयीची. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी, मूळ घडण जर्मनीतल्या टेम्पो कंपनीची. (कुठल्याही मालगाडीला आपण टेंपो म्हणतो, तो शब्द या कंपनीच्या नावावरून आला.) इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना. मागच्या चाकांकडे फिरता दांडा जात नाही, म्हणून तळ सखल आणि सपाट. म्हाताऱ्या माणसाला पाय फार उचलावा लागत नाही. आमच्या गाडीत मागे साधारण नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद मोकळी जागा निघाली.

आधी सगळं उपसलं. फोम, प्लाय, रेक्झिन, सीटा. पत्रा तारेच्या ब्रशने घासला आणि गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. वेल्डिंगवाल्याने बॅटरीची वायर काढली, डिझेलची नळी कुठून जाते ते गाडीखाली आडवं पडून बघितलं, आणि माझ्या भाचीला भिजलेलं पोतं घेऊन उभं केलं. हे तिन्ही केल्याशिवाय कुणी जुन्या गाडीच्या तळाला आग लावू देत असेल तर त्याला थांबवा. मग रेड ऑक्साईडचे दोन हात, त्यावर रंग, गाडीच्या पोटाला डांबरी लेप. तळाच्या पत्र्याला कंपनीनेच पाणी निचरायची भोकं दिलेली असतात. आमच्या गाडीत ती सगळी बुजलेली होती. लेप देताना ती पुन्हा बुजू नयेत म्हणून भाचीने प्रत्येकात खडू खोचून ठेवला. खडू अर्थातच माझ्या पिशवीतले.

पत्र्यावर बारा मिलिमीटरचा प्लाय. इथे पैसे वाचवू नका. साधा कमर्शिअल प्लाय आयएस 303 या मानकाचा, घरातल्या कोरड्या कामाला ठीक. पाण्याशी गाठ असेल तर आयएस 710 चा मरीन प्लाय घ्यावा. त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही सुटू नये अशी त्याची चाचणी असते. फळीवर शिक्का असतो, तो दुकानातच वाचून घ्यायचा. कापलेल्या कडांना आम्ही रंगाचे तीन हात दिले, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. स्क्रू मारण्याआधी खालून ब्रेकची नळी आणि वायरी कुठे आहेत ते खडूने आखून घेतलं. नवी भोकं शक्य तितकी टाळली. सीटांच्या जुन्या बोल्टांच्या जागाच वापरल्या.

आणि मग फळ्या. त्या वेल्ह्याच्या बाजूने आल्या. सरकारी कागदावर आता त्याचं नाव राजगड तालुका, पण आमच्या तोंडी वेल्हेच आहे. अब्बांचे जुने दोस्त सुतारकाका तिकडचे. एका गावात जुनं घर पाडलं होतं, त्याच्या माळ्याचं सागवान त्यांच्याकडे पडून होतं. ताजं लाकूड आम्हाला नकोच होतं. साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं महाराष्ट्रात स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा कायदा आहे. शिवाय ओलं लाकूड बसवलं की ते सुकताना वाकतं. या फळ्या दोन पिढ्यांच्या धुराने आणि उन्हाने सुकलेल्या होत्या. रंधा मारला तशी वरची काजळी गेली आणि आतून मधाचा रंग निघाला. चार इंच रुंद, चार सूत जाड. नव्या वाचकांसाठी सांगते, सुताराच्या भाषेत आठ सूत म्हणजे एक इंच.

बसवताना मोठं भांडण झालं. भावाला फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून हव्या होत्या, चित्रातल्यासारख्या. सुतारकाका मात्र दोन फळ्यांमध्ये लोखंड कापायच्या करवतीची दोन जुनी पाती एकत्र धरून घालत होते आणि तेवढी, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सुताची, फट सोडत होते. भाऊ म्हणाला, "काका, यात धूळ जाईल." काका म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता, सांगा त्याला. आत्ता मे महिना आहे. जुलैत या फळ्या श्वास घेतील."

सांगितलं. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडकतं, तेच हे. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेतून घाटातल्या पावसाच्या हवेत गेलं की चार इंची सागाची फळी साधारण एका मिलिमीटरने फुगू शकते. एका फळीला ते काहीच नाही. पण पाच फुटांत पंधरा फळ्या बसतात. पंधरा मिलिमीटर वाढायला जागा मिळाली नाही तर मधली जमीन पापडासारखी उचलली जाते, किंवा कडेचे स्क्रू उपटते. म्हणूनच भिंतीच्या कडेलाही तीन-चार सुतांची जागा सोडून वर पट्टी मारली. काम भर पावसाळ्यात करत असाल तर उलट, फळ्या तेव्हा फुगलेल्याच असतात, त्या भिडवून बसवा. आणि पूर्ण फळी गोंदाने चिकटवू नये. रबरासारखा ताणणारा पीयू सीलंट मधोमध एका ओळीत लावायचा, म्हणजे दोन्ही कडा मोकळ्या राहतात.

मागच्या दारापाशी काकांनी दीड फुटाची एक झडप ठेवली. फळ्या आणि प्लाय मिळून तिथलं झाकण उचलता येतं आणि खालचा पत्रा दिसतो. हे अब्बांच्या हट्टाने. पाण्याचा कॅन आता उंच काठाच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये, आणि वजू गाडीबाहेर उतरून.

लाकडाला चकचकीत पॉलिश न करता बेलतेल लावलं, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. चढायला दोन दिवस लागले. एक सूचना मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी: या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका. हवा लागून ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. उघड्यावर सुटी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्लाय आणि सागवान मिळून वजन साधारण साठ-पासष्ट किलो झालं, म्हणजे एक माणूस कायमचा गाडीत बसलेला. खर्च वेल्डिंग आणि मजुरी धरून 28,000 च्या आसपास. तळ बदलणं ही दुरुस्ती झाली. पण सीटा काढून पलंग बसवला की गाडीची आसनसंख्या बदलते, आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे त्याला आरटीओची मंजुरी लागते. ती न घेता फिरलात आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण उभं राहतं. आम्ही अर्ज केला, दोन खेपा झाल्या, आणि मंजुरी हातात येईपर्यंत पलंग घरातच ठेवला. तो नुसत्या प्लायला नाही, खालून लोखंडी पट्ट्या देऊन तळाच्या आडव्या पट्ट्यांना बोल्ट केला आहे. नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर पलंगच ड्रायव्हरच्या पाठीत येईल. चालत्या गाडीत अम्मी झोपत नाही. पट्टा लावून सीटवर बसते आणि तासाभराने गाडी थांबवून आडवी होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, आम्ही वरंधा घाटाने महाडला गेलो. तीन वेळा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा खाली नीरा-देवघरचं पाणी दिसत होतं. अम्मीने चप्पल दारातच काढली, अनवाणी फळ्यांवरून दोन पावलं चालली, आणि म्हणाली, "हे आपल्या जुन्या माळ्यासारखं वाजतंय." बहिणीच्या दारात ती स्वतःच्या पायांनी उतरली, अल्हम्दुलिल्लाह. भाऊ अजूनही अधूनमधून म्हणतो की तेव्हा गाडी विकली असती तर बरं झालं असतं. फी ही खरीच गोष्ट होती, मी त्याच्याशी वाद घालत नाही.

जुलैत आठ दिवस धो धो पाऊस पडला. फळ्यांमधल्या फटी मिटून गेल्या, करवतीचं पातं काय, कागदही आत जाईना. अब्बांनी झडप उघडायला लावली आणि भावाला हात घालायला सांगितलं. त्याने आत चाचपलं. पत्रा कोरडा होता, पण मागच्या कोपऱ्यात बोटाला ओल लागली. निचऱ्याच्या भोकात जांभळाचं पान अडकलं होतं. त्याने ते तारेने ओढून काढलं, झडप दिवसभर उघडी ठेवली, आणि संध्याकाळी गाडी झाडाखालून काढून अंगणात लावली.