माशाचे मूळ

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजाराची आवक आणि भाव वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे एकाच साच्यात छापून येतात. खोल समुद्रातील मासळी इतके टन, खाडीची इतके, नदीची इतके आणि शेवटी आंध्र प्रदेशातून आलेली रहू, कतला, सीलन इतके टन. खाली भाव. पापलेट कापरी, मोठे, मध्यम, भिला. खाडीचे सौंदाळे, नगली, लेपा. नदीचे मरळ, शिवडा, चिलापी, मांगूर. या रूक्ष रकान्यातून एक गोष्ट कळते. मासा कुठल्या पाण्यातला हे घाऊक व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते आणि तो ते लपवतही नाही. त्यावरच तर भाव ठरतो. तोच मासा काही तासांनी कोथरूडच्या किंवा हडपसरच्या दुकानात बर्फावर मांडला जातो, तेव्हा मात्र उरते फक्त नाव आणि किलोचा दर. ताजा आहे का, या प्रश्नाला ‘आज सकाळचाच’ हे ठरलेले उत्तर. पकडलेला की पोसलेला, कुठल्या गावचा, गोठवून पुन्हा सैल केलेला का, हे विचारायची गिऱ्हाइकाला सवय नाही आणि सांगायची विक्रेत्यावर सक्ती नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. माशाचे विचारायलाच हवे.

विचारणा होत नाही असे नाही, पण ती भलत्याच दिशेने होते. जनुके बदललेले मासे बाजारात शिरले आहेत, त्याने हे होते नि ते होते, असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो आणि माशांच्या बाबतीत एरवी चोखंदळ असलेली घरेही बिचकतात. वस्तुस्थिती अशी की भारतात खाण्यासाठी असा एकही मासा विकायला परवानगी नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचे २२ वे कलम जनुकीय बदल केलेले अन्न नियमांविना तयार करण्यास, विकण्यास वा आयात करण्यास मनाई करते. दुसऱ्या प्राण्याचे जनुक घातलेला एकच मासा जगात जेवणाच्या ताटापर्यंत गाजावाजा करत पोहोचला, तो म्हणजे ‘ॲक्वाबाउंटी’ या अमेरिकी कंपनीचा सामन. अटलांटिक सामनमध्ये चिनूक सामनचे वाढीचे जनुक घातलेले आणि ते बारमाही चालू राहावे म्हणून ओशन पाउट या थंड पाण्यातल्या माशाच्या जनुकाचा तुकडा जोडलेला. त्यामुळे एरवी तीन वर्षांत वाढणारा मासा दीड वर्षात विक्रीला तयार. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजुरी दिली, कॅनडाने २०१६ मध्ये. त्या कंपनीनेच डिसेंबर २०२४ मध्ये आपला मत्स्यपालनाचा उद्योग गुंडाळत असल्याचे जाहीर केले. तेव्हा तो सामन पुण्याच्या ताटात येण्याची भीती तूर्त बाळगण्याचे कारण नाही.

कॅनडात जे घडले ते मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०१७ मध्ये कंपनीने सांगून टाकले की तिथे साडेचार टन सामन विकून झाला. कोणी विकत घेतला, कोणत्या दुकानात, कोणी खाल्ला, हे खाणाऱ्यांना कळले नाही, कारण तिथे तसे वेष्टनावर लिहिणे ऐच्छिक होते. मासा आरोग्याला धोकादायक असल्याचे तिथल्या तपासणीत आढळले नव्हते. लोक संतापले ते न सांगता खाऊ घातले म्हणून. आपल्याकडे अन्न सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या ‘एफएसएसएआय’ने जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या नियमांचे मसुदे २०२१ आणि २०२२ मध्ये काढले. त्यात एक टक्का वा त्याहून अधिक असा घटक असेल तर तसे छापावे, अशी तरतूद होती. मसुदे निघतात, हरकती मागवल्या जातात आणि मग सारे थंडावते. मासा दारात यायच्या आधी नियम पक्का होणे शहाणपणाचे, एवढे कॅनडाकडून शिकता येईल.

जनुके बदललेल्या माशांच्या या भीतीत एक गोंधळही मिसळला आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये ‘जयंती रहू’ ही सुधारित जात दिली. चांगल्या वाढीचे नर-मादी निवडून पिढ्यान्‌पिढ्या वीण घेत ती तयार झाली. खिलार बैलाची पैदास जशी होते तशीच. ‘गिफ्ट’ नावाने ओळखली जाणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीदेखील निवड पद्धतीनेच सुधारलेली. तिच्या पूर्ण नावात ‘जेनेटिकली’ हा शब्द येतो आणि तेवढ्यावरून ती बदनाम होते. प्रयोगशाळेत दुसऱ्या प्राण्याचे जनुक घालणे वेगळे आणि निवडून वीण घेणे वेगळे. नियमांत हा फरक स्वच्छ लिहिला नाही, तर उद्या शेततळ्यात प्रामाणिकपणे रहू वाढवणाऱ्याच्या मालाचा भाव कोणीतरी एका फॉरवर्डच्या जोरावर पाडेल.

पुण्याची खरी डोकेदुखी मांगूर आहे. देशी मांगूर ही आपल्या डबक्या-ओढ्यांतली जुनी, चवीची मासळी. तिच्या नावाखाली विकला जातो तो आफ्रिकी मांगूर, व्यवहारात ‘थाई मागूर’. त्याच्या संवर्धनावर केंद्राने १९९७ मध्येच बंदी घातली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितले. तरी इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाने, या माशाची तळी सापडत राहतात आणि मत्स्यव्यवसाय विभागाला पोलीस घेऊन ती वेळोवेळी उद्ध्वस्त करावी लागतात. हा मासा हवेतून श्वास घेतो, त्यामुळे कसल्याही गढूळ पाण्यात तगतो. कोंबड्यांच्या कत्तलीतली घाण टाकली तरी झपाट्याने वाढतो, म्हणूनच तो स्वस्त पडतो. तळ्यातून निसटला की नदीतले देशी मासे फस्त करतो. बाजारभावाच्या यादीत नुसते ‘मांगूर’ असे लिहिले जाते, तेव्हा तो कुठला हे ना वाचकाला कळते ना गिऱ्हाइकाला. बंदी असलेला माल आणि सरळ मार्गाने आलेला माल एकाच नावाने विकता येत असेल, तर ती बंदी कागदावरची.

दुसरे उदाहरण रूपचंदचे. ॲमेझॉन खोऱ्यातला, पिरान्हाच्या कुळातला हा मासा आता तळ्यांत सर्रास वाढवला जातो आणि अनेक ठिकाणी ‘गोड्या पाण्यातले पापलेट’ म्हणून खपतो. अख्खा असेल तर ओळखणे अवघड नाही. छातीकडे लालसर झाक, शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर आणि तोंड उघडले की माणसाच्या दाढांसारखे दात. पापलेटला यातले काही नसते. पण तुकडे करून, हळद-तिखट लावून तव्यावर पडल्यावर कोण ओळखणार? ज्या चंदेरी पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा केले, त्याच्या नावावर हा खपवला जातो, हे पाहून मत्स्यव्यवसाय खात्याला तरी राग यायला हवा होता. हॉटेलांत याहून सोपे काम आहे. मेन्यूवर ‘फिश’ एवढेच. येतो तो बहुतेकदा बासा, म्हणजे तळ्यातला किंवा आयात केलेला पंगॅशियस. रावसाला इंग्रजी मेन्यूत ‘इंडियन सामन’ म्हणतात. त्याचा सामनशी काडीचा संबंध नाही. खऱ्या सामनच्या नावाने येतो तो बहुधा नॉर्वेच्या पिंजऱ्यात वाढलेला, ज्याचा गुलाबी रंग खाद्यात घातलेल्या ॲस्टॅझँथिनमधून येतो. मोठी, एकसारख्या आकाराची कोळंबी दिसली की ती प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरची व्हनामी असण्याची शक्यता दाट. भारतात तिच्या संवर्धनाला परवानगी २००९ ची.

यातला कोणताही मासा केवळ पोसलेला म्हणून वाईट नाही, हे बजावून सांगायला हवे. २०२२-२३ मध्ये देशात १७५.४५ लाख टन मासळी झाली, तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा तळी, धरणे नि नद्यांचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. आषाढातल्या अखेरच्या रविवारी पुण्यात मासळीसाठी जी झुंबड उडते, ती तळ्यांशिवाय, शीतगृहांशिवाय आणि पूर्व किनाऱ्यावरच्या मालाशिवाय भागणारच नाही. पोसलेला मासा गरिबाला परवडतो. फक्त त्याला समुद्राच्या भावाने विकू नये, आणि त्याच्या खाद्यात व औषधांत काय गेले याची जबाबदारी कोणाची तरी असावी. प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा आहेत. पण तपासणीत नमुना सदोष निघाला तर तो कुठल्या तळ्यातला हे शोधायचे कसे?

हे अशक्य नाही, कारण आपण ते करतो, परक्यांसाठी. २०१० पासून युरोपात जाणाऱ्या समुद्री मासळीबरोबर कोणत्या बोटीने, केव्हा, कुठे पकडली याचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि सागरी मालाच्या निर्यातीचे काम पाहणारी आपली ‘एमपीईडीए’ ते देते. युरोपातल्या दुकानात २०१४ च्या डिसेंबरपासून सुट्या माशालाही शास्त्रीय नाव, समुद्रात पकडलेला की गोड्या पाण्यातला की पोसलेला, कुठल्या भागातला, आणि गोठवून सैल केलेला असल्यास तसे, एवढे लिहावे लागते. आपल्याकडे लेबलाचे नियम मुख्यतः बंद वेष्टनासाठी. पुडक्यावर वजन, तारीख, परवाना क्रमांक असतो. पोसलेला की पकडलेला, हे सांगण्याची सक्ती तिथेही नाही. सुटा मासा तर या साऱ्याच्या बाहेर. एकाच बंदरातून निघालेल्या दोन पेट्यांपैकी युरोपला जाणारीची जन्मकुंडली तयार असते आणि पुण्याला येणारीत थर्माकोल, बर्फ आणि विश्वास एवढेच असते. विश्वास उडाला की काय होते ते गोव्याने पाहिले. जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून परराज्यांतून येणारी मासळीच काही काळ बंद करावी लागली.

अशा मागणीवर नेहमीचा आक्षेप येतो. टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींनी काय शास्त्रीय नावे लिहायची? मुळीच नाही. ओझे टाकायचे ते घाऊक व्यापाऱ्यावर, जिथे माहिती आधीच आहे. त्याच्या पावतीवर चार गोष्टी छापल्या जाव्यात: मासा कोणता, पकडलेला की पोसलेला, कुठला, आणि कधी निघाला. किरकोळ विक्रेत्याने ती पावती मागितल्यावर दाखवावी, इतकेच त्याचे काम. हॉटेलांना मात्र सूट नको. त्यांच्याकडे मेन्यू छापायला पैसे असतात. पाटी लिहिण्याच्या हौसेत पुण्याचा हात धरणारे शहर नाही, तेव्हा ‘आमच्याकडे पापलेट हे पापलेटच असते’ अशी पाटी लागायलाही वेळ लागणार नाही. अन्न व औषध प्रशासन, मत्स्यव्यवसाय विभाग आणि महापालिका या तिघांनी एकत्र बसून हे ठरवायचे तर केंद्राच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत स्थापन केली ती याच शहरात. मासे खाणाऱ्यांचा प्रश्न मात्र त्या चळवळीच्या वारसांनी फारसा मनावर घेतलेला नाही. शहरात शाकाहारी बरेच आहेत हे कारण पुरेसे नव्हे.

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. विजेपासून कर्जापर्यंतच्या सवलती मत्स्यशेतकऱ्याला मिळतील, मिळाव्यातही. त्या सवलतीबरोबर प्रत्येक तळ्याची नोंद आणि प्रत्येक विक्रीवर त्या नोंदीचा क्रमांक ही अट घालायला हीच वेळ आहे. नियमाने चालणाऱ्या तळेवाल्याला त्याचा फायदाच होईल. नोंद नसलेला मांगूरवाला बाहेर पडेल.

एक अडचण उरते आणि ती मासळीवाल्याची नाही. उजनीकाठच्या भिगवणच्या लिलावातली चिलापी प्रामाणिकपणे ‘उजनी’ अशा नावाने पुण्यात येऊ लागली, तर काही गिऱ्हाइके नाक मुरडतील. त्या धरणात भीमेतून जे पाणी येते, त्यात मुळा-मुठेने वाहून नेलेले पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी असते. भिगवणच्या मच्छीमाराने ते तिथे सोडलेले नाही. पावतीवर ‘उजनी’ लिहिले म्हणून त्याचा भाव पाडला जाणार असेल, तर त्याने महापालिकेकडे जरूर विचारणा करावी, की सांडपाणी शुद्धीकरणाची रखडलेली कामे पुरी कधी होणार.