बर्डीवर आम्ही फक्त गिऱ्हाईकच राहायचे का?

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपुरातल्या आमच्या वस्त्यांमधून एकच वाक्य ऐकू येते : "बर्डीला जाऊन येऊ." पोरांना पांढरे शर्ट, आयाबहिणींना पांढऱ्या साड्या. यंदा आम्हीही गेलो. व्हरायटी चौकातून सीताबर्डी मेन रोडवर शिरलो की खांद्याला खांदा घासतो आणि कोणी कोणाची जात विचारत नाही. ही गर्दी म्हणूनच आम्हाला आवडते.

पण मित्रहो, ही मोकळीक कोणी दान दिलेली नाही. आमच्या आजा-पणजांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे; पैसे लांबून ठेवायचे, माल वरून टाकला जायचा. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये 'दुकाने' हा शब्द स्पष्ट लिहावा लागला. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात जाण्यापासून अडवता येत नाही. काउंटरवरच्या साडीला हात लावून भाव करणे, ही आमच्यासाठी लढून मिळवलेली गोष्ट आहे. याच सीताबर्डीत, श्याम हॉटेलात, ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेब उतरले होते. 13 तारखेला तिथे ते पत्रकारांशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी इतिहास घडला.

मग काउंटरच्या पलीकडे काय आहे? सोबतच्या तरुणांना आम्ही विचारले, "आपल्या वस्तीतले कोण कोण इथे काम करते?" साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुली निघाल्या. रस्त्यावर मोजे-रुमाल विकणारे निघाले. दुकानाचा मालक एकही निघाला नाही.

"धंदा करायला तुम्हाला कोणी अडवले?" असे विचारणारे भेटतातच. उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. ज्ञान कमी पडले नव्हते, जात आडवी आली होती. आजही धंद्याला भांडवलाइतकीच ओळख लागते. ठोक व्यापारी उधारी कोणाला देतो? मोक्याचा गाळा कोणाच्या शब्दावर मिळतो? ही ओळख नात्यागोत्यातून येते, आणि आमच्या नात्यागोत्यात पिढ्यान् पिढ्या बाजारच नव्हता.

म्हणून आमचा माणूस बाजारात शिरतो तो फुटपाथवरून. चादर अंथरायची आणि "गाडी आली" अशी हाक उठली की चारी टोके धरून गठडी बांधायची, पळायचे. हे जगणे कुठल्याही शहरातल्या फेरीवाल्याला पाठ आहे. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, हे आम्हीही मानतो. पण रस्त्यावर विक्री करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सोदान सिंग खटल्यात म्हटले. पुढे 2014 मध्ये पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला. आधी सर्वेक्षण करा, विक्री प्रमाणपत्रे द्या, आणि ते होईपर्यंत कोणाला उठवू नका, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व असावे, हेही त्यातच आहे.

आता स्वतःलाच विचारू या. आपल्या शहरातल्या या समितीवर कोण बसते, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? पुतळ्यासाठी, नामांतरासाठी आपण रस्त्यावर उतरलो आणि ते योग्यच होते. पण चादर उचलून पळणाऱ्या आपल्याच मावशीकडे विक्री प्रमाणपत्र आहे का, हे आपण कधी विचारले? दीक्षाभूमीवर आपली माणसे दोन-चार दिवसांत पुस्तकांची अख्खी बाजारपेठ उभी करतात. विकण्याची अक्कल आपल्यात आहे. कमी पडते ती वर्षभराची जागा.

तेव्हा यंदा बर्डीला जाल तर पांढरा शर्ट जरूर घ्या. पण परतताना रस्त्यावरच्या एका विक्रेत्याशी बोला, त्याचा कागद पाहा, नसेल तर त्याच्यासोबत अर्ज लिहायला बसा. दुकानाची पायरी आपण चढलो. आता गल्ल्यावर बसायचे आहे.

जय भीम!